दूरस्थांची मयसभा

कामानिमित्त एकमेकांपासून दूर राहणाऱ्या माणसांस एकत्र बसल्याचा प्रत्यय कसा आणून द्यावा, हा प्रश्न आजच्या यंत्रयुगानेंच प्रथम निर्माण केला अशी पुष्कळांची समजूत आहे. डोळ्यांवर पेटीसारखा एक चष्मा चढवावा, कानांस ध्वनियंत्र लावावें, आणि एक पुण्याचा, एक बंगळुरूचा व एक शिकागोचा असे तीन नोकर एकाच काल्पनिक दिवाणखान्यांत मेजाभोंवतीं बसून बोलूं लागावे, ही करामत पाहिली म्हणजे तशी समजूत होणें साहजिकच आहे. इंग्रजींत हिला ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणतात. मराठींत ‘आभासी वास्तव’ हा शब्द आतां बराच रुळला आहे. परंतु साधन नवें असलें तरी त्याच्या मागची गरज जुनी आहे, आणि त्या गरजेचा इतिहास आमच्या प्रांतांतहि थोडाथोडका नाहीं. तो डोळ्यांपुढें ठेवल्यावांचून या नव्या साधनाची किंमत नीट ठरवितां यावयाची नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचें समालोचन करण्याचें योजिलें आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या कचेऱ्यांचाच आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, मध्यप्रदेशाच्या सीमेलगत शेंदूरजनाघाट हें गांव आहे. संत्र्याच्या बागा आणि संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका हें त्याचें वैभव. येथील कलमें दूरदूरचे बागाइतदार घेऊन जातात. आणि कलमांप्रमाणेंच येथील शिकलेलीं मुलेंहि दूर जातात. कलम जेथें जाईल तेथें त्यानें रुजावें, हीच रोपवाटिकेची इच्छा असते. मुलगा पुण्यास रुजला म्हणजे मात्र आंबिया व मृग या दोन्ही बहारांची राखण घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पडते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां अशीं पुष्कळ मुलें आपापल्या गांवीं परतलीं आणि घरांत बसून दूरच्या कचेरीचें काम करूं लागलीं. त्या वेळीं वऱ्हाडांतल्या खेड्यापाड्यांस प्रथमच एक नवी शक्यता दिसली. ती ही कीं, गांव न सोडतांहि नोकरी करितां येईल. ही शक्यता टिकणें जितकें वीजपुरवठ्यावर अवलंबून आहे, तितकेंच, किंबहुना अधिक, तें दुसऱ्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. दूर बसलेला माणूस कचेरीस आपला वाटतो कीं नाहीं, आणि त्याला कचेरी आपली वाटते कीं नाहीं, हीच ती गोष्ट होय.

आमच्या इतिहासांत दूर राहून धन्याचें काम करणारा पहिला मोठा वर्ग म्हणजे वकिलांचा. पेशव्यांचे वकील दिल्लीस, हैदराबादेस व शिंद्यांच्या छावणींत असत. नागपूरकर भोसल्यांचेहि वकील परदरबारीं असत. वर्षानुवर्षें परक्या शहरीं राहून हे लोक पुण्यास व नागपुरास पत्रें लिहीत. तीं पत्रें वाचतांना एक गोष्ट चटकन् लक्षांत येते. केवळ बातमी कळविणें हा त्यांचा हेतु नसे. दरबारांत कोणास कसा मान मिळाला, बोलणें कोणत्या सुरांत झालें, कोण रुसला, कोण हंसला, याचें वर्णन वकील इतक्या बारकाव्यानें करी कीं, पुण्यांत बसलेल्या नाना फडणिसास निजामाचा दरबार जणुं डोळ्यांपुढें दिसावा. गोविंदराव काळे यांचीं हैदराबादेहून आलेलीं पत्रें हें याचें उत्तम उदाहरण होय. आभासी वास्तवाचें त्या काळचें यंत्र म्हणजे हा कुशल लेखक होता.

पण त्या यंत्रास दोन मर्यादा होत्या. पहिली काळाची. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें घडलें, त्याची वार्ता भेलशाजवळ असलेल्या नानासाहेब पेशव्यांस सुमारें दहा दिवसांनीं कळली, आणि तीहि एका सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेंतून. दुसरी मर्यादा मनाची, आणि ती अधिक महत्त्वाची. नागपूरकरांचा वकील बेनीराम पंडित हा वॉरन हेस्टिंग्जपाशीं असे. १७८१ सालीं काशीस चेतसिंगाचें बंड होऊन हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला, तेव्हां या वकिलानें त्याला मोठी रक्कम देऊं केली; पुढें हेस्टिंग्जनें त्याला जहागीर देऊन त्याची फेड केली. यांत बेनीरामाच्या निष्ठेचा निवाडा करण्याचा आमचा हेतु नाहीं. दाखवावयाचें तें इतकेंच कीं, माणूस ज्याच्यासंगें रोज उठतो, बसतो आणि संकटें सोसतो, त्याच्याकडे त्याचें मन हळूहळू वळतें. दूरच्या धन्याचा शिक्का हातांत असला तरी त्याचा या ओढीपुढें नेहमींच निभाव लागतो असें नाहीं. आजच्या कारखानदारास पडलेली चिंता तरी दुसरी कोणती आहे? जो नोकर कधीं नजरेस पडत नाहीं, तो मनानें आपल्याजवळ कसा राहील, हीच ती चिंता.

पत्रांची काळाची मर्यादा तारायंत्रानें तोडली. हिंदुस्थानांतील पहिली तार १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी चालू झाली; १८६५ सालीं इराणच्या आखातांतून इंग्लंडाशीं संधान जुळलें, आणि १८७० सालीं सुएझ-एडनमार्गें समुद्रांतील तार मुंबईस येऊन पोंचली. त्याच वर्षीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्तें खामगांवच्या रेल्वे-फांट्याचें उद्घाटन झालें, हा योगायोग वऱ्हाडाच्या इतिहासांत अर्थपूर्ण आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडी कापसास सोन्याचें मोल आलें होतें. आतां त्या कापसाच्या बाजारपेठेस लिव्हरपूलचा भाव तारेनें कळूं लागला. खामगांव आणि लिव्हरपूल हीं एका अर्थानें शेजारीं आलीं.

मात्र हा शेजार एकतर्फी होता. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडास कळे. वऱ्हाडच्या कुणब्याचें दुखणें लिव्हरपुलास कळत नसे. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, तेव्हां त्या कोसळण्याची वार्ता मात्र विजेच्या वेगानें आली. आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांच्या दुष्काळांत तार व रेल्वे हीं दोन्ही असूनहि वऱ्हाडांतील माणसें अन्नावांचून मेलीं. अंतर तुटलें म्हणजे आपलेपणा आपोआप जडतो, हा जो एक गोड भ्रम प्रत्येक नव्या यंत्राबरोबर जन्मास येतो, त्याला वऱ्हाडच्या या अनुभवापेक्षां सडेतोड उत्तर शोधावयास नको. ज्या साधनांत एका बाजूसच पाहण्याची सोय असते, तें साधन दुसऱ्या बाजूस केवळ पाहिली जाणारी वस्तु करून सोडतें.

तथापि याच तारेनें एक निराळाहि चमत्कार केला, आणि तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा आहे. तार चालविणारे जे तारमास्तर, ते शेंकडों कोसांवर पसरलेल्या कचेऱ्यांतून बसत. बहुतेकांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नसे. पण रोजच्या सरावानें समोरच्याचा हात ओळखण्याची कला त्यांस साधे. कळीवर बोट कसें पडतें यावरून पलीकडे कोण बसला आहे हें अनुभवी मास्तर सांगूं शके. १९०८ सालीं कामाच्या वेळांची नवी व्यवस्था नोकरांस जाचक वाटूं लागली, तेव्हां रंगूनपासून मुंबईपर्यंत तारखात्यांतील लोकांनीं संप पुकारला. गोरे, अँग्लो-इंडियन व देशी, सिग्नलर आणि शिपाई, असे नाना थरांचे लोक त्यांत होते. ज्या तारांवरून सरकारचे हुकूम जात, त्याच तारा या दूरस्थ नोकरांच्या एकजुटीस उपयोगी पडल्या. टिळकांच्या शिक्षेमुळें मुंबईच्या गिरणीकामगारांनीं केलेला सहा दिवसांचा संप याच वर्षीं, पण कांहीं महिन्यांनीं झाला. तो एका शहरांतील, एका वस्तींत राहणाऱ्या लोकांचा संप होता. तारमास्तरांचा संप हा न भेटलेल्या लोकांचा होता. दीपकांत लाहिरी चौधुरी या इतिहासकारानें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या लोकांस हिंदुस्थानांतील पहिला ‘आभासी समाज’ असें म्हटलें आहे, तें सर्वस्वीं यथार्थ आहे.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबून एक विचार करावा. तारमास्तरांजवळ चित्र नव्हतें, आवाज नव्हता, चेहरा नव्हता. नुसता कट-कडाचा खडखडाट होता. तरीहि त्यांच्यांत इतका जिव्हाळा कां उत्पन्न झाला? आमच्या मतें त्याचीं कारणें तीन. त्यांचें काम एकच होतें व त्यांतील कौशल्य एकमेकांस कळत होतें. देवघेव दोन्ही बाजूंनीं सारखी होती. आणि त्यांचें सुखदुःखहि एक होतें. नव्या वेळापत्रकाचा जाच रंगूनच्या मास्तरास जसा झाला तसाच मुंबईच्या मास्तरास झाला. हीं तीन कारणें ध्यानांत ठेवून आतां आपण चष्म्याकडे वळूं.

तारेचा आणि या चष्म्याचा जन्मसंबंध फार जवळचा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें कुक याच्या भागीदारींत १८३७ सालीं तारायंत्राचें पेटंट घेतलें. आणि लगेच पुढल्या वर्षीं, १८३८ सालीं, त्यानेंच ‘स्टिरिऑस्कोप’चें तत्त्व रॉयल सोसायटीपुढें मांडलें. दोन डोळ्यांस किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें दाखविलीं म्हणजे मेंदू त्यांचा मिलाफ करून खोलीचा भास उत्पन्न करितो, हें तें तत्त्व. दूर अंतरावर संदेश नेणें आणि सपाट चित्रास खोली देणें, हीं एकाच पुरुषाचीं दोन अपत्यें होत. आजचें आभासी वास्तव म्हणजे त्या दोघांचा सवाशें वर्षांनंतर घडून आलेला संयोग होय. १९६८ सालीं आयव्हन सदरलंड यानें डोक्यावर बसवावयाचें पहिलें यंत्र रचलें. तें इतकें जड होतें कीं छतास टांगावें लागे. डोकें वळविलें कीं चित्रहि त्याप्रमाणें बदलावें, ही त्यांतली मुख्य युक्ति. १९८० सालीं मार्व्हिन मिन्स्की यानें ‘टेलिप्रेझेन्स’ म्हणजे दूरसान्निध्य ही कल्पना मांडली, आणि त्याच दशकांत जॅरन लॅनियर याच्यामुळें ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हें नांव सर्वतोमुखीं झालें. २०१२ सालीं ‘ऑक्युलस’ नांवाच्या चष्म्यासाठीं लोकांकडून वर्गणी जमा झाली, आणि २०१४ सालीं फेसबुक कंपनीनें सुमारें दोनशें कोटी डॉलर मोजून तो कारखानाच विकत घेतला.

दुसऱ्या बाजूस, घरीं बसून कचेरीचें काम करण्याची कल्पनाहि हळूहळू वाढत होती. १९७३ सालीं जॅक निलेस या अमेरिकन संशोधकानें ‘टेलिकम्यूटिंग’ हा शब्द काढला. कामगारानें कामाकडे जाण्याऐवजीं काम कामगाराकडे न्यावें, असा त्याचा आशय. तेलाच्या टंचाईच्या त्या काळांत ती कल्पना लोकांस रुचली, पण फारशी रुजली नाहीं. जें पन्नास वर्षांत झालें नाहीं, तें २०२० सालच्या सांथीनें पंधरवड्यांत घडवून आणलें. आमच्या सरकारनेंहि ५ नोव्हेंबर २०२० रोजीं दूरसंचाराचे जुने नियम सैल करून घरून काम करण्याची वाट मोकळी केली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें तर २०२५ सालापर्यंत आपल्या नोकरांपैकीं शेंकडा पंचवीसच लोक एका वेळीं कचेरींत असतील, असें जाहीर केलें होतें. परंतु २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीनें नोकरांस आठवड्याचे पांचहि दिवस कचेरींत बोलाविलें. हा पालट एका कंपनीचाच नव्हता. आणि शेंदूरजनाघाटसारख्या गांवांत दोन वर्षें घरचें जेवण जेवून काम करणाऱ्या मुलांस त्यामुळें पुन्हां बिऱ्हाड शोधावें लागलें.

कंपन्यांच्या या निर्णयामागें नुसता अधिकाराचा हट्ट होता, असें म्हणणें अन्यायाचें होईल. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एकसष्ट हजारांवर अमेरिकन नोकरांच्या व्यवहाराचा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. घरून काम सुरू झाल्यावर ज्याच्या त्याच्या गटांतील बोलणें कायम राहिलें, पण दोन गटांमधील संबंध विरळ झाले, असें त्यांत आढळलें. म्हणजे, ज्यांच्याशीं काम आहे त्यांच्याशीं बोलणें होई. ज्यांच्याशीं काम नाहीं, पण चहाच्या वेळीं ज्यांची गांठ पडे, ते दुरावले. पडद्यावरच्या बैठकांनीं ही उणीव भरून निघाली नाहीं. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनीं त्याच वर्षीं या बैठकांच्या शिणाचीं कारणें सांगितलीं: सतत डोळ्याला डोळा भिडलेला, स्वतःचेंच तोंड समोर, शरीर खुर्चीस खिळलेलें, आणि साधी मान डोलावण्यासहि करावा लागणारा आयास.

चष्म्याचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, हीच उणीव आम्ही भरून काढूं. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. आभासी दिवाणखान्यांत डावीकडच्या माणसाचा आवाज डावीकडूनच येतो, दोघांस बाजूला सरून कुजबुजतां येतें, फळ्यापाशीं जाऊन आकृति काढतां येते, हातवारे दिसतात. फेसबुकनें ऑगस्ट २०२१ मध्यें ‘होरायझन वर्करूम्स’ या नांवानें असा दिवाणखाना उघडला. ॲक्सेंचर कंपनीनें नव्या नोकरांच्या ओळखीपाळखीसाठीं साठ हजार चष्मे त्याच वर्षीं खरेदी केले. परंतु रोजच्या कामाचा अनुभव इतका सुखाचा नाहीं. जर्मनींतील कोबुर्ग येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२२ सालीं कांहीं लोकांस पुरा आठवडाभर चष्म्यांत काम करावयास लाविलें. अठरा जणांपैकीं दोघांनीं पहिल्याच दिवशीं अंग काढून घेतलें. उरलेल्या सोळांनीं चिंता, वैताग व डोळ्यांचा ताण नेहमींपेक्षां अधिक झाल्याचें सांगितलें, जरी दिवसागणिक त्यांस कांहींशी संवय होत गेली. ‘अल्टस्पेस’ नांवाचें आभासी मेळाव्याचें स्थान मायक्रोसॉफ्टनें २०१७ सालीं घेतलें आणि १० मार्च २०२३ रोजीं बंद केलें. तेथें जुळलेल्या मैत्रीचें पुढें काय झालें असेल, तें झालें असो. ज्या घराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेस आहे, तेथें संसार मांडतांना भाडेकरूनें एवढें लक्षांत ठेवावेंच.

याच ठिकाणीं आम्हांस महाभारतांतील मयसभेची आठवण होते. मयासुरानें इंद्रप्रस्थांत ती अपूर्व सभा बांधली. तेथें जळ तें स्थळ व स्थळ तें जळ भासे. दुर्योधन तेथें पाहुणा म्हणून आला, फसला, पाण्यांत पडला, आणि त्याची थट्टा झाली. कुळाकुळांतील वैर त्या सभेनें मिटविलें नाहीं, उलट वाढविलें. याचें कारण सभा मायेची होती हें नव्हे. त्या मायेचीं रहस्यें यजमानास ठाऊक होतीं आणि पाहुण्यास नव्हतीं, हें त्याचें कारण. आजच्या मयसभेंतहि हाच धोका आहे. २०२२ सालच्या ‘क्वेस्ट प्रो’ या चष्म्यांत वापरणाऱ्याची नजर व चेहऱ्याच्या हालचाली टिपणारे कॅमेरे होते. नजर कोठें रेंगाळली, कपाळास आंठी केव्हां पडली, हें मालकास दिसावें आणि मालकाच्या मनांत काय आहे हें नोकरास दिसूं नये, अशी व्यवस्था झाली, तर ती खामगांव व लिव्हरपूल यांच्या शेजाराचीच नवी आवृत्ति होईल.

मग दूर असूनहि एकत्र असल्याचा अनुभव खरोखर कशानें येतो? आमच्या अमरावती जिल्ह्यांतच त्याचें एक नमुनेदार उदाहरण आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनीं मोझरी येथें १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि गांवोगांवच्या लोकांस सामुदायिक प्रार्थनेची संवय लाविली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं त्यांचें निर्वाण झालें. त्यांच्या पुण्यतिथीस सायंकाळीं चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनीं गुरुकुंजांत जमलेला अफाट समुदाय मौन पाळून श्रद्धांजलि वाहतो. आणि ज्यांस मोझरीस जातां आलें नाहीं ते जेथें असतील तेथें त्याच मिनिटास उभे राहतात. त्यांस एकमेक दिसत नाहींत, शब्दहि नसतो. तरी या क्षणीं आपल्यासारखे असंख्य लोक उभे आहेत, ही जाणीव प्रत्येकास असते. हा प्रत्यय घड्याळाच्या कांट्याखेरीज दुसऱ्या कोणत्याहि यंत्रावांचून येतो. तारमास्तरांची एकजूट आणि हें मौन यांचा प्रकार भिन्न आहे, पण मूळ एकच: समान वेळ, समान कृति आणि परस्परांविषयीं समान आस्था.

याचा अर्थ चष्मा फेंकून द्यावा असा मात्र आम्ही करीत नाहीं. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेंत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाच्या सालीस छेद देऊन डोळा आंत सरकवितात आणि वरून पट्टी घट्ट बांधतात. पट्टी नसेल तर डोळा सुकतो. पण नुसत्या पट्टीनेंहि तो जगत नाहीं. डोळ्याचा ओला भाग खुंटाच्या ओल्या भागास भिडावा लागतो. चष्मा ही पट्टी आहे. ती चांगली असावी, स्वस्त व्हावी, सुधारत जावी, हें सर्व इष्टच आहे. पण कामाची वांटणी न्यायाची नसेल, बढतीच्या वेळीं डोळ्यांसमोरचाच माणूस आठवत असेल, कामावांचून दोन शब्द बोलण्यास कोणास सवड नसेल, तर त्या पट्टीखालीं जोड बसणार नाहीं.

म्हणून ज्या कंपन्यांस आपले दूरचे नोकर खरोखर जवळ हवे असतील, त्यांनीं चष्मे वांटण्याआधीं तीन गोष्टी कराव्या, असें आमचें सुचविणें आहे. दूरच्या माणसाच्या हातचें काम इतरांस दिसेल व त्याचें कौशल्य ओळखतां येईल, अशी कामाची रचना करावी. जें पाहणें ऐकणें होईल, तें दोन्ही बाजूंनीं सारखें असावें. मालकास जें दिसतें तें आपल्याविषयीं काय दिसतें, हें नोकरास कळावें. आणि वर्षांतून कांहीं दिवस तरी सर्वांनीं प्रत्यक्ष एकत्र जमावें. त्यासाठीं नोकरांनींच शहरास जावें असा नियम कशाला हवा? बहाराच्या दिवसांत कचेरीनेंच एकदां वरूड-शेंदूरजनाघाटकडे यावें. ज्याच्या बागेंत बसून संत्रें खाल्लें, त्याचा आवाज पुढें वर्षभर चष्म्यांतून आला काय किंवा साध्या टेलिफोनवरून आला काय, तो परका वाटावयाचा नाहीं. एवढें झालें तर वऱ्हाडांतील एखादें घर तरी मुलगा व नोकरी या दोहोंपैकीं एकाचीच निवड करण्याच्या पेंचांतून सुटेल. आणि या यंत्राच्या उपयोगाचें मोजमाप आम्ही तरी त्याच मापानें करूं.